सुदानचा जोडीदार

दर वर्षी पितृपक्ष जवळ आला की अकादमीचं पत्र येतं. जाड कागद, वर दोन तलवारींची मुद्रा, आणि माझ्या नावाखाली ‘माजी कॅडेट व राष्ट्रीय परिषदेतील प्रतिनिधी’. परिषदेच्या उद्घाटनाला येऊन मुलांना चार शब्द सांगावेत, अशी विनंती असते. मी दर वर्षी कळवतो की कंपनीत ऑडिट आहे. धाटावच्या कारखान्यांत बारा महिने ऑडिटच चालतं, अशी एव्हाना त्यांची खात्री झाली असेल. यंदाच्या पत्रात विषयही दिला होता, ‘नेतृत्व आणि सचोटी’. ते वाचून मी इतका चिडलो की पत्राचे तुकडे केले, आणि मग ते तुकडे बायकोला दिसू नयेत म्हणून दिवसभर खिशात घेऊन फिरलो.

मुलांना काय सांगायला हवं ते मला ठाऊक आहे. ते इथे लिहितो. तिथे मला कोणी पुरतं बोलू देणार नाही, आणि खरं म्हणजे तिथे उभं राहून बोलायची माझी छातीही नाही.

आमची अकादमी पेण आणि रोह्याच्या मधे, हायवेपासून आत. सैनिकी म्हणवत असली तरी सैन्याशी तिचा संबंध गणवेशापुरताच. एका खाजगी संस्थेची. वर एक निवृत्त अधिकारी होते, त्यांना कमांडंट साहेब म्हणायचं. कवायत शिकवायला एक निवृत्त हवालदार होते, ते उस्ताद. बाकीचे मास्तर कुठल्याही शाळेत असतात तसेच, फक्त इथे त्यांना सॅल्यूट मिळायचा. पोरांनी बारावीनंतर अधिकारीपदाच्या परीक्षेला बसायचं, पास व्हायचं, आणि त्यांचा फोटो फाटकावर लागायचा, यासाठी सगळा खटाटोप. माझे वडील हमरापूरला गणपतींची आखणी करतात, म्हणजे डोळे, भुवया, सोंडेवरचं नक्षीकाम. पोरानं तरी रंगाच्या वासात जन्म काढू नये म्हणून त्यांनी मला सहावीत तिथे घातलं.

तिथे मला जोडीदार मिळाला. अकादमीत प्रत्येक पोराला जोडीदार असतो. शेजारची खाट, शेजारचं ताट, आणि एकाचा बूट मळका निघाला तर शिक्षा दोघांना. माझा जोडीदार रोह्याच्या बाजूच्या, नदीकाठच्या आदिवासी वाडीतला. त्याचे आई-वडील मिळेल त्या मजुरीला जायचे, पावसाळा संपला की वीटभट्टीवर. तो आश्रमशाळेत हुशार निघाला म्हणून एका देणगीदारानं त्याची दहावीपर्यंतची फी उचलली होती. देणगीदाराचा रोह्यात मोठा व्यवसाय होता आणि वर्षातून एकदा येऊन तो माझ्या जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायचा. जोडीदार फोटोत हसायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, “हसलो तर पुढच्या सालीबी हसायला लागंल.”

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांना सहन केलं. दुसऱ्या वर्षापासून मला त्याच्याशिवाय झोप येईना. हे मी लिहितोय खरं, पण त्याला कधी सांगितलं नाही. पोरं असलं काही सांगत नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. काही चुकीचं झालं की उस्ताद सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि विचारायचे, “किसका काम?” मग दहा आकडे मोजायचे. दहाच्या आत कोणीतरी एक पाऊल पुढे टाकायचं. टाकलं की मामला संपला. त्यानं मैदानाला दहा चकरा मारायच्या, आणि त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चारही कोणी करायचा नाही, खुद्द उस्तादही नाही. कोणीच पुढे आलं नाही तर अख्ख्या तुकडीला चकरा. खरं कोणी केलं हे उस्ताद कधीच खोदून विचारायचे नाहीत. त्यांना ते नकोच असायचं. त्यांना पाऊल हवं असायचं.

त्यामुळे जोडीदारांमध्ये पाळ्या असायच्या. या वेळी तू, पुढच्या वेळी मी. केलं कोणीही असो. आणि एकानं पाऊल टाकल्यावर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा त्याहून कडक नियम. ‘नाही उस्ताद, ते मी केलं’ असं म्हणणारा पोरगा आमच्यात आगाऊ ठरायचा, समोरच्याचं पाऊल वाया घालवणारा. पाच वर्षं हे आमच्या अंगात मुरवलं गेलं. आम्हाला ते फार थोर वाटायचं. मला तर अजूनही कधीकधी वाटतं, आणि स्वतःचाच संताप येतो.

आम्ही दहावीत असताना इंग्रजीच्या सरांनी मॉडेल परिषदेचं खूळ आणलं. शाळाशाळांची मुलं जमतात, प्रत्येक जोडीला एकेक देश मिळतो, त्या देशाच्या वतीनं भाषणं करायची, वाटाघाटी करायच्या, शेवटी ठराव लिहायचा आणि तो मताला टाकायचा. घरी मी हे समजावून सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “म्हणजे नाटकच ना?” आई म्हणाली, “मग लुगडं-बिगडं लागेल का?”

कॅडेट लोकांना या प्रकारात घालणं म्हणजे बैलाला सायकलवर बसवणं. आम्हाला हुकूम ऐकायची सवय, आणि तिथे तर प्रत्येक वाक्याला हरकत घ्यायची. पहिल्या परिषदेत, पनवेलला, अध्यक्षांनी आमचा देश पुकारला तेव्हा आम्ही दोघं सावधानमध्ये उभे राहिलो ते बसलोच नाही, कारण ‘विश्राम’ कोणी म्हटलंच नाही. शहरातली पोरं पोट धरून हसली. त्यांच्याकडे लॅपटॉप आणि कोट, आमच्या अंगाला बुटाच्या पॉलिशचा वास. आम्ही शेवटून दुसरे आलो.

पण जोडीदाराला त्यात काहीतरी दिसलं. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण भीडमुर्वत काही नव्हती. अकादमीत आम्हाला सात मिनिटांत जेवण उरकायची सवय. परिषदेत जेवणाची सुट्टी तासाभराची असायची. शहरातली पोरं ताटं घेऊन रांगेत उभी असायची तोवर हा हात धुऊन मोकळा, आणि उरलेला वेळ टेबलाटेबलावर फिरायचा. खुर्ची ओढून बसायचा आणि सरळ विचारायचा, “तुम्हाला नक्की पायजे काय?” पोरं आधी चमकायची, मग सांगून टाकायची. भाषणं करण्याच्या नादात हा प्रश्न दुसऱ्या कोणी त्यांना विचारलेलाच नसायचा. तिसऱ्या परिषदेपासून आम्ही जिंकायला लागलो. भाषण मी करायचो, कारण माझा आवाज चांगला आणि उच्चार बरे. मनं तो वळवायचा. बक्षीस घेताना फोटोत मात्र मी मधे असायचो.

आम्ही अकरावीत गेलो तेव्हा देणगीदारानं हात आखडता घेतला. दहावीपर्यंत कबूल केलं होतं, झालं, म्हणाला. कमांडंट साहेबांनी मधला मार्ग काढला. त्या वर्षी विभागीय परिषद आमची अकादमी भरवणार होती आणि जिंकणारी जोडी दिल्लीला जाणार होती. देणगीदाराला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं, त्याच्यासमोर आमची जोडी जिंकायची, म्हणजे तो दोन वर्षांची फी आनंदानं उचलेल. तोपर्यंत जोडीदाराला तात्पुरतं ठेवून घेतलं. साहेबांनी हे आम्हा दोघांना ऑफिसात बोलावून, खुर्चीवर बसवून सांगितलं. खुर्चीवर बसवलं म्हणजे प्रकरण गंभीर, हे आम्हाला कळलं.

बाहेर आल्यावर जोडीदार म्हणाला, “हरलो तर वाडीवर. बारावी काय होयाची नाय मग. वीटभट्टीवर कोण इतिहास शिकवतोय?” त्यानं हे हसत सांगितलं. पण त्या महिन्यात तो नेहमीपेक्षा दुप्पट धावायला लागला, जणू परीक्षा परवावरच आली होती.

परिषद पेणला रामवाडीतल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये भरली. पितृपक्षात लग्नं नसतात म्हणून हॉल स्वस्तात मिळाला. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, त्यांवर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष बसले. अध्यक्ष म्हणजे मुंबईच्या कॉलेजातली एक मुलगी, चष्मा, काळा कोट, कडक. विषय होता नाईल नदीचं पाणी. वर धरण बांधणारा इथिओपिया, खाली पाण्यावाचून जीव जाईल म्हणणारा इजिप्त, आणि मधे सुदान. चिठ्ठीत आम्हाला सुदान आला. इंग्रजीच्या सरांचं तोंड पडलं, त्यांना इजिप्त हवा होता. जोडीदार मात्र खूश. “मधलाच बरा,” म्हणाला. “मधल्याला दोघंबी चहा पाजतात.”

आदल्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला एकट्याला बोलावलं आणि दोन टाईप केलेले कागद दिले. पूर्ण ठराव तयार होता. म्हणाले, “पाठ कर, तिथे आपल्या अक्षरात उतरव, आणि हे फाडून टाक.” परिषदेचा नियम होता की ठराव तिथल्या तिथे, सगळ्यांशी बोलून लिहायचा. तयार ठराव नुसता जवळ सापडला तरी बाद. सरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती नियमावली त्यांनीच आम्हाला वाचून दाखवली होती.

मी कागद जोडीदाराला दाखवले. त्यानं वाचलेही नाहीत. “नको,” म्हणाला. “माझ्या डोक्यात हाय सगळा. आमची नदीबी अशीच हाय ना. वर वीजघर, पाणी त्यांच्या मर्जीनं सोडतात. खालच्याला आधी कळलं पायजे, एवढंच तर भांडण असतं. फेक ते.”

“फेकतो,” मी म्हणालो.

फेकले नाहीत. वरिष्ठांनी हातात दिलेला कागद फाडायचा नसतो, हे एक अंगात भिनलेलं होतं. पण सगळा दोष शिस्तीवर ढकलणं हा आता निव्वळ साळसूदपणा होईल. मला त्याच्यावर भरवसा नव्हता. पाच वर्षं शेजारी झोपून, त्याच्यामुळे चार बक्षिसं घेऊन, अखेर मला वाटलं की देणगीदारासमोर वाडीवरची अक्कल पुरणार नाही, टाईप केलेलं काहीतरी जवळ हवं. मी ते कागद आमच्या दोघांच्या एकाच फाईलमध्ये, मागच्या पुठ्ठ्याच्या आत सरकवले.

पहिला दिवस त्यानं गाजवला. इथिओपिया आणि इजिप्त एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. इथिओपिया म्हणजे पुण्याच्या दोन मुली, इजिप्त म्हणजे नवी मुंबईचे दोन भाऊ शोभावेत असे पोरगे. जेवणाच्या सुट्टीत जोडीदारानं या चौघांना वाढपाच्या टेबलापाशी आणलं आणि तिथल्या पाण्याच्या बाटल्यांचे तीन ढीग लावले. त्यांच्या वाडीत नदीतले मासे सगळ्यांनी मिळून धरले की असेच वाटे करतात. एकजण वाटे लावतो. दुसऱ्याला पाठ फिरवून उभं करतात. मग एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, ‘हा कोणाचा?’ आणि पाठमोऱ्या माणसानं न बघता नाव घ्यायचं. वाटे लावणारा काटेकोर लावतो, कारण आपल्याला कुठला येईल ते त्यालाही माहीत नसतं.

त्यानं इजिप्तच्या पोराला पाठ फिरवायला लावली. पोरगा लाजत लाजत उभा राहिला. तीनदा खेळ झाला, तिसऱ्यांदा पुण्याच्या मुली स्वतः बाटल्या सारख्या करायला लागल्या, एकेक मोजून. संध्याकाळपर्यंत ठरावाचा गाभा तयार होता. पाण्याचे वाटे करणारी समिती वेगळी, कोणता वाटा कोणाला हे ठरवणारी वेगळी, आणि धरणाचं पाणी सोडायच्या आधी खालच्या देशाला निरोप गेलाच पाहिजे. मी ते माझ्या चांगल्या अक्षरात लिहून काढलं. सरांच्या कागदातला एक शब्दसुद्धा त्यात नव्हता. गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मतदान होतं. समोरच्या ओळीत कमांडंट साहेब, शेजारी देणगीदार, त्यापलीकडे सर. मागे पालक. गणपतीचा धंदा आटोपला होता म्हणून माझे आई-वडीलही आले होते, वडिलांच्या नखांत सोनेरी रंग तसाच. दाराशी उस्ताद, ताठ. मतदानाआधी स्वयंसेवक सगळ्यांच्या फाईली गोळा करत होते. आमची फाईल उचलताना पुठ्ठा उलगडला आणि कागद खाली पडले.

स्वयंसेवकानं ते वाचले आणि अध्यक्षांकडे नेले. अध्यक्षांनी वाचले. माईक चालूच होता. त्या म्हणाल्या, सुदानच्या फाईलमध्ये तयार ठराव सापडला आहे. मग थेट आमच्याकडे बघून विचारलं, “हा कोणी आणला?”

मी सरांकडे बघितलं, ते आपल्या बुटांकडे बघत होते. आणि माझ्या मनात खरोखर काय आलं ते सांगतो, कारण तेच सांगायला बसलोय. माझ्या मनात आलं की आधीच्या आठवड्यात साहेबांच्या बंगल्यावरचे पेरू गेले होते तेव्हा पाऊल मी टाकलं होतं. पेरू त्यानं तोडले होते, खाल्ले दोघांनी, चकरा मी मारल्या. म्हणजे आता पाळी त्याची.

त्याच्याही मनात तेच आलं असणार. तो उठला, खुर्चीमागून बाहेर आला, आणि एक पाऊल पुढे टाकून सावधानमध्ये उभा राहिला.

दाराशी उस्तादांची मान किंचित हलली. पसंतीची मान. त्या हॉलमध्ये त्या पावलाचा अर्थ कळलेली माणसं आम्ही तिघंच होतो. आमच्या हिशेबानं प्रकरण तिथे संपलं होतं.

अध्यक्षबाईंच्या हिशेबानं ते सुरू झालं. त्यांनी दहा चकरा सांगितल्या नाहीत. त्यांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं, लिहून घेतलं, आणि माईकवरून वाचलं. फसवणुकीची कबुली दिल्यामुळे या प्रतिनिधीला बाद करण्यात येत आहे, दुसऱ्या प्रतिनिधीचा यात हात नसल्यानं तो एकटा पुढे भाग घेऊ शकेल. देणगीदार कमांडंट साहेबांच्या कानाशी लागला. जोडीदारानं तेव्हा माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही, गोंधळून. चकरा कुठे मारायच्या असं विचारत असल्यासारखा. मग एका स्वयंसेवकानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

मी उठू शकलो असतो. माईक माझ्यापासून चार पावलांवर होता. मी नियम पाळला, समोरच्याचं पाऊल वाया घालवायचं नाही. इतका सोयीचा नियम मला आयुष्यात दुसरा भेटला नाही.

त्यानंतर मी सुदानच्या वतीनं ठराव वाचला. वाट्यांचा भाग आला तेव्हा अध्यक्षबाई मान हलवून टिपण करत होत्या. ठराव मोठ्या मताधिक्यानं मंजूर झाला. उत्कृष्ट प्रतिनिधी मी. ढाल देणगीदाराच्या हातून घेतली, आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मी हसलो. तो फोटो आजही हमरापूरला आमच्या गणपतीच्या कारखान्यात लावलेला आहे, रंगाच्या डब्यांच्या वरच्या भिंतीवर. वडील येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतात.

संध्याकाळी अकादमीत सरांनी सगळ्यांना गोळा करून प्रामाणिकपणावर भाषण दिलं. चांगलं झालं भाषण, अगदी मुद्देसूद. नंतर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि म्हणालो, “सर, सांगून टाकू का?” ते म्हणाले, “आता सांगून काय होणार? त्याला काही आता ठेवून घेत नाहीत. तू पण जाशील, मी पण जाईन, अकादमीचं नाव जाईल. त्याला तरी ते आवडेल का?” आवाजात इतकी काळजी होती की कोणालाही वाटावं, हा माणूस जोडीदाराच्याच भल्याचं बोलतोय. मला राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. कोणीतरी मला गप्प बसायचा हुकूम द्यावा म्हणूनच मी त्यांच्याकडे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद मैदानावर जोडीदाराची वाट बघत उभे होते, शिक्षेच्या चकरांसाठी. चकरा झाल्या की पोरगा मोकळा, अशी त्यांची समजूत. साहेबांनी त्याचं नाव कमी केलंय हे कळल्यावर ते ऑफिसात गेले. शिपायानं नंतर सांगितलं की उस्ताद आत हात जोडून म्हणत होते, “साहेब, दहाच्या जागी शंभर मारायला लावतो. पण पाऊल टाकलंय त्यानं.” साहेबांना त्याचा अर्थच लागला नाही. उस्ताद पुढच्या वर्षी नोकरी सोडून गावी गेले. जाईपर्यंतच्या रांगांमध्ये ‘किसका काम’ म्हणताना त्यांचा आवाज चढायचा नाही.

जोडीदार त्या दिवशी दुपारनंतर कधीतरी गेला. आदल्या रात्रीपासून त्याला ऑफिसशेजारच्या खोलीत ठेवलं होतं, पण मी त्याला भेटायला गेलो नाही. संध्याकाळी खोलीवर आलो तर शेजारच्या खाटेची गादी गुंडाळलेली होती.

दिल्लीत मी पहिल्याच फेरीत बाद झालो. टेबलाटेबलावर जाऊन विचारायचं काय, तेच मला माहीत नव्हतं. बारावीनंतर अधिकारीपदाच्या परीक्षेत लेखी निघालो आणि मुलाखतीत पडलो. मग पदवी, मग धाटावला कंपनी, शिफ्ट, लग्न. बरं चाललंय.

तीन वर्षांपूर्वी, आषाढात, मी सुट्टीच्या दिवशी हमरापूरला घरी होतो. गणपती न्यायला पिकअप यायचा होता. आला, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून तो उतरला. अंगानं भरला होता, केस कमी झाले होते, पण चाल तीच, कवायतीची. तो सरळ येऊन माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, “काय रं सुदान!”

वडिलांनी आईला हाक मारली, “चहा टाक गो, पाहुणा हाय.” गाडी त्याची स्वतःची होती. वाडीवर घर बांधलं होतं, दोन मुली होत्या, थोरली शाळेत पहिली येणारी. बारावी त्यानं पुढे केलीच नाही. पहिली तीन वर्षं भट्टीवर गेली, असं त्यानं सांगितलं, तक्रार न करता. आम्ही दोघांनी मिळून मूर्ती गाडीत चढवल्या, मधे गवताच्या पेंढ्या दिल्या. मी मनात वाक्यं जुळवत होतो. इतकी वर्षं ती वाक्यं माझ्याकडे तयार होती, अंघोळ करताना, शिफ्टच्या बसमध्ये मी ती हजारदा म्हटली होती. कागद सरांनी मला दिला, मी तुला फेकतो म्हणालो, फेकला नाही, आणि माईकपासून चार पावलांवर बसून राहिलो.

दोरी आवळून झाली. मी म्हणालो, “त्या दिवसाचं तुला एक सांगायचं होतं.”

“नको रं,” तो म्हणाला. “मला ठाव हाय सगळा.”

“काय ठाव आहे?”

तो गाडीच्या फळीला टेकला. “ज्या दिवशी मला काढला ना, त्या दिवशी पेटी भराया सकाळीच सांगितली व्हती. पेटीत काय, चार कपडे. मी चार तास भरली. म्हटलं, तू काहीतरी करशील, तवर थांबावं. आन खिडकीतनं तू दिसलास. मैदानावर, सरांसंगती. मोठमोठ्यानं बोलत व्हतास, हात हलवून हलवून. सर मान डोलवत व्हते. लांब व्हतं, आयकू येत नव्हतं काय. पण मी म्हटलं, बघ, भांडतोय माझ्यासाठी. लय बरं वाटलं मला. मग पेटी लावली आन निघालो.”

मैदानावर सर मला दिल्लीचं भाषण बसवून देत होते. ‘नदी ही कोणा एकाची नसते’ या वाक्याला उजवा हात कुठपर्यंत न्यायचा, ते.

तो माझ्याकडे बघत होता. “माझ्या पोरींनाबी सांगितलंय,” म्हणाला. “असा एक जोडीदार व्हता म्हणून. भांडलास ना तू?”

“हो,” मी म्हणालो. “खूप भांडलो.”